पेसाखची साफसफाई: माळ्याला हात लावू नकोस

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, नवरा-बायको दोघंही नोकरीला, एक मूल चार वर्षांचं, दुसरं रांगतं, आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले. पेसाख, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेचा आपला यहुदी सण; त्याची सगळी तयारी यंदा पहिल्यांदाच सुनेवर आली आहे. ती विचारते, "सासूबाई दरवर्षी माळ्यापासून सुरुवात करायच्या, महिनाभर राबायच्या आणि सेदरच्या रात्री, सणाच्या पहिल्याच जेवणाला, बसल्या जागी पेंगायच्या. मला सण नीट करायचा आहे, पण जागं राहून करायचा आहे. कुठून सुरू करू?"

माळ्याला हात लावू नकोस, हे माझं पहिलं सांगणं. पडदे, पंखे, खिडक्यांच्या काचा, साड्यांचं कपाट, जुनी कागदपत्रं, ह्यांतलं काहीही पेसाखच्या आधी करायचं नाही. ज्याला आपण वर्षाची साफसफाई म्हणतो ती आणि पेसाखची साफसफाई ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या घरांत ती एकमेकांत मिसळली आणि त्यातच बायका थकून गेल्या.

पेसाखला घरातून काढायचं असतं ते हामेत्स. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट ह्या पाच धान्यांच्या पिठाला पाणी लागलं आणि १८ मिनिटांच्या आत ते भाजलं गेलं नाही, की ते हामेत्स. भारतात आठ दिवस आणि इस्राएलमध्ये सात दिवस ते खायचं नाही, घरात दिसू द्यायचं नाही आणि आपल्या मालकीचंही ठेवायचं नाही. धूळ म्हणजे हामेत्स नाही. जळमटंही नाहीत. मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, पेसाखच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की ज्या जागी हामेत्स नेलं जात नाही तिथे शोध घ्यायची गरज नाही. हे वाक्य स्वयंपाकघराच्या दारावर लावून ठेव. निम्मं घर त्या एका वाक्याने मोकळं होतं.

म्हणून झाडू घेण्याआधी कागद घे. रात्री मुलं झोपली की नवऱ्याला बरोबर घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक जागेपुढे एकच प्रश्न विचारा: इथे कोणी खात खात येतं का? माळ्यावर बिस्किट घेऊन कोण चढतं? कोणी नाही. खोडून टाका. लोखंडी कपाटात? नाही. खोडा. पण सोफ्याच्या फटीत हात घाला. चार वर्षांच्या मुलाच्या पलंगाची गादी उचलून बघा. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांची यादी वेगळीच असते: खेळण्यांची टोपली, बाबागाडी, उंच खुर्चीची पट्ट्यांची खाच, शाळेचं दप्तर, दप्तराचा तो पुढचा छोटा कप्पा ज्यात गेल्या सहलीचा पाव अजून असतो. मोठ्यांच्या जागा मोठ्यांना आठवत नाहीत: स्कूटरची डिकी, ऑफिसची पिशवी, ऑफिसातला आपला खण, रेनकोटचे खिसे, पर्सच्या तळाशी प्रवासात ठेवलेलं बिस्किटाचं पाकीट. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिवसाच्या, टेबलावर पावाशेजारी ठेवली जाणारी प्रार्थनेची पुस्तकंही बघ, पानांत चुरा असतोच. ती आठ दिवस बाजूला ठेवली तरी चालतं.

आता वेळ. २०२६ मध्ये सेदरची रात्र बुधवारी, १ एप्रिलला आहे. आपल्याला एक सोपी खूण आहे. पेसाख ज्यात येतो तो यहुदी निसान महिना आणि चैत्र बहुतेक वर्षी हातात हात घालून चालतात. यंदा तर निसानची पहिली तारीख आणि पाडवा दोन्ही १९ मार्चला आहेत. शेजारी गुढी उभी राहिली की साधारण दोन आठवडे उरले असं समजायचं. आपला पुरीमचा सण आणि शेजारची होळीही अशाच जवळजवळ येतात, म्हणजे होळी आली की महिना उरला. अधिक महिना दोन्ही पंचांगांत एकाच वर्षी येतो असं नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी ही खूण महिनाभराने चुकते. तारीख सिनेगॉगच्या, म्हणजे आपल्या प्रार्थनागृहाच्या, कॅलेंडरवरच बघ. पण मनात हिशेब ठेवायला गुढी चांगली.

पुरीमपासून पाडव्यापर्यंत साफसफाई नाही, फक्त संपवणं. गव्हाची मोठी पिशवी आणू नकोस, किलोकिलोने आण. रवा, शेवया, मैदा, फ्रीजरमधले पराठे, ओटची पाकिटं पुढे काढून ठेव आणि आठवड्याचा बेत त्यांच्यावरच कर. एक दिवस उपमा, एक दिवस शेवयांची खीर, एक दिवस शिरा. जेवढं पोटात जाईल तेवढं फेकायला किंवा विकायला उरणार नाही. इथे उन्हाळ्याच्या बेगमीची एक अडचण असते. कुरडया गव्हाच्या, शेवया गव्हाच्या, आणि बायका ह्याच दिवसांत गच्चीवर वाळवणं घालतात. तुझ्या घरी ते होत असेल तर पेसाख संपल्यावर कर. एप्रिलचं ऊन कुठे पळून जात नाही.

डबे तपासताना आपल्या महाराष्ट्रीय स्वयंपाकघरातलं हामेत्स नीट ओळख, कारण परदेशी याद्यांत ते नसतं. सगळ्यांत आधी हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीवर घटक वाच. मग ज्या ज्या मसाल्यात, लोणच्यात, पापडात तो हिंग गेला असेल ते सगळं बाजूला. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी ह्यांत गहू असतो. फरसाणात मैदा. सोया सॉसमध्ये गहू. माल्ट घातलेली दुधातली पावडर, म्हणजे बोर्नव्हिटा, हॉर्लिक्स वगैरे, जवामुळे हामेत्स. सातूच्या पिठात जव असू शकतं, ते पाकिटावर बघ. बिअर आणि माल्ट व्हिनेगरही गेलं. तांदळाचं पीठ दिसायला निर्दोष, पण ते गिरणीत गव्हापाठोपाठ दळलेलं असेल तर त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलंच असतं. पेसाखला तांदळाचं पीठ लागणार असेल तर तांदूळ धुऊन, वाळवून घरच्या स्वच्छ मिक्सरवर काढ.

तांदळाबद्दल थोडं जास्त बोलते. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या परंपरेचे, यहुदी पेसाखला तांदूळ आणि कडधान्यं खात नाहीत. आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, तांदूळ खातो. डाळींबाबत घराघरांत फरक असतो, तिथे सासरची रीत सासूबाईंना विचार. पण तांदूळ खायचा तर तो तीनदा निवडायचा, एकेक दाणा बघून, गव्हाचा दाणा चुकून आला आहे का म्हणून. आजी पांढऱ्या चादरीवर, गॅलरीच्या उजेडात बसून निवडायची. ती ह्या सणाला "अनशी धाकाचा सण" म्हणायची. कोकणातल्या आपल्या लोकांत हेच नाव चालत आलं होतं. कोचीनच्या यहुदी घरांत तर हिवाळ्यातला हनुक्काचा सण संपला की पेसाखच्या तयारीला लागत, इतकं तिथे ह्या कामाला वजन होतं. तुझ्या घरी हे काम सासूबाईंना दे. गुडघे दुखतात, पण नजर आणि बोटं चालतात, आणि खुर्चीवर बसून, मांडीवर ताट घेऊन हे काम होतं. त्यांना फक्त "तुम्ही आराम करा" म्हणून बाजूला बसवू नकोस. वर्षानुवर्षं ज्या बाईने पेसाख उभा केला तिला कामातून काढणं म्हणजे सणातून काढणं. निवडलेला तांदूळ नव्या किंवा पूर्ण घासलेल्या डब्यात भर, वर चिठ्ठी लाव आणि स्वयंपाकघरापासून लांब, आधीच साफ केलेल्या खोलीत ठेव.

पाडव्यानंतर घर घ्यायचं, आणि क्रम कायम एकच: जिथे खाणं सर्वांत कमी जातं तिथून सुरुवात, स्वयंपाकघर शेवटी. आधी झोपायची खोली, मग बाहेरची खोली. एक जागा झाली की तिथे खाणं बंद. हे मुलांना सांगायचं, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांना जास्त सांगावं लागतं. झालेल्या खोलीच्या चौकटीला रंगीत कागद चिकटव. चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, पण "लाल कागदाच्या आत खाऊ नाही" हे त्याला लगेच समजतं आणि तोच बाबांना टोकतो. खाणं हळूहळू एका टेबलापुरतं आणि शेवटी स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यापुरतं आक्रसत जायला हवं.

खोल्यांमध्ये किती बारकाईने साफ करायचं? जमिनीच्या फटीतला, धुळीत मिसळलेला, कोणी उचलून तोंडात घालणार नाही असा चुरा हा खाण्याचा पदार्थ राहिलेलाच नसतो. शिवाय सेदरच्या आदल्या रात्री घरभर हामेत्स शोधून झालं की आपण "कोल हमीरा" हे वचन म्हणतो, त्यात नजरेतून सुटलेलं सगळं मातीसमान ठरवलं जातं. तेव्हा कपाटामागच्या फटीसाठी कपाट हलवू नकोस. जिथे हात पोचत नाही तिथे साबणाचं पाणी किंवा फिनेल ओत, चुरा खाण्यालायक राहत नाही आणि प्रश्न मिटतो. फक्त एक जपायचं: ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र ओतायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात, रांगत्या मुलाच्या घरात तो जिवावर बेतू शकतो.

स्वयंपाकघरात मात्र ही सवलत नाही. पेसाखच्या दिवसांत हामेत्सचा कण अन्नात पडला तर एरवीसारखा, बाकीचं अन्न त्याच्या साठपट आहे असा हिशेब लावून, तो माफ होत नाही. तुझी शक्ती, तुझे चांगले तास, घरातली जास्तीची माणसं, सगळं इथे लाव. म्हणूनच तर ती पडद्यांवर घालवायची नाही.

शेवटच्या शनिवारचा शब्बाथ आटोपला की रात्री फ्रीज रिकामा करायला घे. फ्रीजच्या दाराच्या रबरात चुरा असतो, तो जुन्या टूथब्रशने काढ, ट्रे न्हाणीघरात नेऊन धू. फ्रीज हे मी सांगेन नवऱ्याचं काम. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यानेच करायचा, "मदत" म्हणून नाही.

रविवारी भांडी. इथे लोक सगळं उकळायला निघतात आणि दमतात. आधी दोन ढीग कर: जे पेसाखला वापरायचंच नाही ते, आणि जे वापरायचं ते. पहिला ढीग मोठा असू दे. पोळपाट-लाटणं, कणकेची परात, पिठाची चाळण, पोळ्यांचा तवा, केक भाजायचं ओटीजी, चपात्यांचा डबा, ज्यात कोरडे पदार्थ दळले तो मिक्सरचा जार. कणीक मुरलेलं लाकूड आणि बारीक जाळीची चाळण मनासारखी साफ होतच नाही. ही सगळी पुसून, खोक्यात घालून, चिकटपट्टी लावून बंद. ओल्या कणकेशी रोज संबंध येणाऱ्या वस्तू शुद्ध करत बसण्यापेक्षा आठ दिवसांपुरता एक साधा तवा वेगळा ठेवणं सोपं आणि स्वस्त. मातीची भांडी तर शुद्ध होतच नाहीत, तीही खोक्यात.

दुसऱ्या ढिगात थोडकीच भांडी ठेव: दोन पातेली, एक कुकर, चमचे, पळ्या, सुऱ्या. स्टीलच्या भांड्यांची रीत अशी. आधी घासून पूर्ण स्वच्छ करायची, कडा आणि कानाच्या खाचांसह. मग २४ तास वापरायची नाहीत. मग मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळायचं आणि एकेक वस्तू पूर्ण बुडवून काढायची. उकळी थांबली तर पुन्हा येऊ द्यायची. काढल्यावर गार पाण्याने धुवायची. जे पातेलं दुसऱ्या कशात बुडत नाही ते काठोकाठ भरून उकळायचं आणि पाणी सगळीकडून उतू जाईल असं करायचं. कुकरची शिट्टी आणि झाकणाचं रबर काढून बघ. रबर नवीन घे. काचेच्या वस्तू आपल्याकडे सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या यहुदींच्या) रीतीप्रमाणे नीट धुतल्या की चालतात. शंका असेल त्या वस्तूबद्दल हजानला (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याला) किंवा रब्बींना (धर्मगुरूंना) विचार. फोटो पाठवून विचारलं तरी ते सांगतात.

पूर्वी ह्याच सुमारास गल्लीत कल्हईवाला बसायचा आणि आमच्या घरची तांब्या-पितळेची सगळी भांडी त्याच्याकडे जायची. भाता चालू, भांडं निखाऱ्यांवर तापलेलं, नवसागराचा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेल्या कथलाने आतून चांदीसारखं उजळलेलं पातेलं. आता कल्हईवाला सापडणं कठीण आहे. सापडला आणि घरी तांब्याची भांडी असली तर जरूर करून घे. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट शिजवणं तब्येतीलाही वाईट. फक्त कल्हई झाली म्हणून उकळण्याची पायरी गाळायची का, हे स्वतः ठरवू नकोस. आमच्याकडे कल्हईनंतरही भांडी उकळून घ्यायचे.

सोमवारी गॅस आणि ओटा. बर्नर आणि वरच्या जाळ्या गरम पाण्यात सोडा घालून भिजव, घास, मग जाळ्या पेटत्या आचेवर चांगल्या तापव. गॅसची बटणं काढून आतला चिकटा पूस. शेगडी उचलून खालची जागा बघ, अख्ख्या घरातलं सर्वांत जास्त हामेत्स मला नेहमी तिथेच सापडतं. ग्रॅनाइट किंवा कडाप्प्याचा ओटा घासून, कोरडा करून, वापर थांबवून मग त्यावर किटलीतून थेट उकळतं पाणी ओतायचं. पाणी जिथे जिथे पोचेल तिथे ते उकळतंच पोचलं पाहिजे, म्हणून दोन माणसं लागतात: एक ओतणारा, दुसरा जमिनीवरचं पाणी ओढणारा. मुलांना त्या वेळी शेजारी सोड. स्टीलच्या सिंकलाही हेच. वर फॉइल किंवा जाड प्लास्टिक अंथरलं की मन निर्धास्त राहतं. मायक्रोवेव्ह पुसून आत वाटीभर पाणी वाफ भरेपर्यंत उकळायचं आणि पेसाखपुरती वेगळी काचेची ताटली वापरायची.

इथून मंगळवार रात्रीपर्यंत घरच्यांनी काय खायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात भांडण लावतो, म्हणून तो आधीच सोडव. भात, बटाटा, अंडी, फळं, दही. मुलांना पाव हवाच असेल तर गॅलरीत, वर्तमानपत्रावर, आणि वर्तमानपत्र लगेच गुंडाळून बाहेर.

कामाला येणाऱ्या बाईंशी ह्या सगळ्याच्या आधी बोल. त्या आपला डबा आणतात, त्यात पोळी असते. त्यांनी कुठे बसून जेवायचं ते आदराने ठरवा. पेसाखचं जास्तीचं काम करून घेणार असशील तर त्याचे पैसे वेगळे दे. सुटकेचा सण दुसऱ्या बाईच्या फुकट श्रमावर उभा करायचा नाही, ह्या बाबतीत मी फार कडक आहे. शेजाऱ्यांनाही आधी सांग. रामनवमी, हनुमान जयंती ह्याच दिवसांत येतात आणि प्रेमाने ताटं येतात. "ह्या आठ दिवसांत आमच्याकडे गव्हाचं चालत नाही, नंतर हक्काने द्या" एवढं पुरतं. ठाण्यात, पनवेलला, अलिबागला आपले शेजारी हे पिढ्यान् पिढ्या जाणतात.

जे महाग आहे आणि फेकवत नाही, सीलबंद मसाले, बाटल्या, ते एका कपाटात बंद करून विक. सिनेगॉगमधून अधिकारपत्र भरून दिलं की ते हामेत्स यहुदी नसलेल्या माणसाला रीतसर विकलं जातं. ही विक्री खरी असते, तेव्हा कपाटाला कुलूप लाव आणि पेसाख पूर्ण संपेपर्यंत उघडू नकोस. फॉर्म मंगळवारच्या घाईत नको, आठवडाभर आधीच दे.

मंगळवार, ३१ मार्चला काळोख पडला की शोध. दिवे मालवून, मेणबत्ती घेऊन, बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणून सगळ्यांनी मिळून. बेराखापासून शोध संपेपर्यंत इतर बोलणं नाही. पावाचे दहा लहान तुकडे कागदात गुंडाळून लपवायची रीत आहे. कुठे लपवले ते लिहून ठेव, कारण दहावा तुकडा सापडत नाही आणि रात्री घर पुन्हा उलटंपालटं करावं लागतं. गादीजवळ, पडद्याजवळ मेणबत्तीऐवजी टॉर्च घे. शोध संपल्यावर "कोल हमीरा", समजेल त्या भाषेत. मराठीत म्हटलं तरी चालतं, अर्थ कळणं महत्त्वाचं.

बुधवारी सकाळी हामेत्स खाण्याची मुदत ठाण्यात साधारण साडेदहाच्या सुमाराला संपते आणि जाळण्याची त्यानंतर तासाभराने. नेमकी वेळ सिनेगॉगच्या पत्रकावरून घे आणि थोडी आधीच मोकळी हो. फ्लॅटच्या गॅलरीत जाळू नका. इमारतीच्या आवारात जुन्या घमेल्यात, वॉचमनला सांगून, पाण्याची बादली शेजारी ठेवून जाळा. जळून गेल्यावर पुन्हा "कोल हमीरा", ह्या वेळी दिसलेलं-न दिसलेलं सगळं त्यात येतं.

त्यानंतर दुपारी दोन तास तू झोप. हे यादीत लिही, वेळ घालून, आणि त्या वेळात मुलं कोणाकडे असतील तेही लिही. सेदरचा स्वयंपाक त्यासाठी मंगळवारी दुपारीच अर्धा करून ठेवता येतो, भांडी तोवर तयार झालेली असतात. सासूबाईंनाही झोपव. सेदरच्या रात्री घरातल्या लहानाने विचारायचे चार प्रश्न विचारायला चार वर्षांचं मूल आहे, आणि उत्तर द्यायला आजी जागी हवी.

आणि पेसाख संपला की पेसाखची भांडी लगेच धुऊन, खोक्यात भरून, बाहेर मोठ्या अक्षरांत "पेसाख" लिहून ठेव. आतच एक कागद टाक: फॉइल किती लागलं, तांदूळ किती पुरला, कुकरच्या रबराचं माप काय, कुठल्या दुकानात पीठ नसलेला हिंग मिळाला. आता ते खोकं माळ्यावर चढवायला घे, आणि वर गेलीच आहेस तर माळा त्या दिवशी झाड.